जोर कुठून जातो

कळंबचा रस्ता निर्मळवरून येतो, सुरूच्या झाडांत शिरतो आणि पुळणीपाशी संपतो. गाडीनंही तिथेच थांबायला हवं. पण ओहोटीच्या वेळी ती काळसर ओली वाळू इतकी रुंद आणि कडक दिसते, की सुट्टीला मुंबईहून आलेल्या एखाद्या एसयूव्हीवाल्याला मोह होतोच. त्यात मागच्या दारावर ‘ऑल व्हील ड्राइव्ह’ची पट्टी असली तर विचारायलाच नको. गाडी पाण्याच्या कडेने दोन चकरा मारते, फेसातून जाते, फोटो निघतात. रुतली तर ट्रॅक्टर बोलवावा लागतो आणि चार लोकांत हसं होतं. या प्रकरणातली गाडी मात्र रुतलेली नाही. ती व्यवस्थित घरी गेली, मालक खूश झाला आणि काही महिन्यांनी मागच्या डाव्या चाकातून घूंऽऽ असा आवाज यायला लागला.

झालं ते असं. महामार्गावर तासभर पळून आलेल्या गाडीचे हब, म्हणजे चाकं ज्यांवर बसतात ते मधले भाग, गरम असतात. काही उष्णता ब्रेकची, काही बेअरिंगची स्वतःची. बेअरिंगच्या पोटात ग्रीस असतं आणि उरलेल्या जागेत हवा. असा तापलेला हब पाण्यात गेला की एकदम गार होतो, आतली हवा आकसते आणि बाहेरचं पाणी रबरी सीलच्या ओठाखालून आत ओढलं जातं. थेंब-दोन थेंबच जातात, पण ते खारे. बेअरिंगचं पोलाद कडकपणासाठी निवडलेलं असतं. त्यात साधारण एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम. स्टेनलेस म्हणायला क्रोमियम साडेदहा टक्क्यांच्या वर लागतं. म्हणजे हे चकचकीत दिसणारं पोलाद मिठापुढे साध्या लोखंडासारखंच गंजतं. छर्रा आणि त्याची वाट, म्हणजे रेस, यांच्यावर बारीक खड्डे पडतात. वाळूचा कण सीलच्या ओठात अडकला असेल तर तो ओठ झिजवत राहतो आणि पावसाळ्यात पुढचं पाणी आपोआप येतं.

आता आवाज. ताशी ६० किलोमीटरला गाडीचं चाक सेकंदाला जवळजवळ ८ फेरे घेतं. बाहेरच्या रेसवर एका जागी खड्डा पडला, तर एका फेऱ्यात साधारण सहा छर्रे त्यावरून जातात. म्हणजे सेकंदाला ४५ च्या आसपास ठोके. एवढे ठोके कानाला सुटे ऐकू येत नाहीत, त्यांचा खालच्या सुरातला एक सलग घुमारा होतो. वेग वाढला की सूर चढतो, वेग कमी झाला की उतरतो, आणि क्लच दाबून गिअर काढला तरी त्याच वेगाला तोच सूर राहतो. इंजिनाचा त्याच्याशी संबंध नाही हे एवढ्यावरून कळतं.

पण घुमणाऱ्या गोष्टी गाडीत आणखीही असतात. मुंबई–अहमदाबाद महामार्गाच्या काँक्रीटवर टायरही घुमतो. डांबरावर आल्यावर आवाज बदलला तर दोष टायरकडे जातो. ऑल व्हील ड्राइव्ह गाडीत मागे डिफरन्शियल असतं, त्याच्याकडे जाणारा लांब प्रोपेलर शाफ्ट असतो, त्या शाफ्टलाही मध्ये एक बेअरिंग असतं. डिफरन्शियलचा आवाज अॅक्सिलरेटर दाबताना एक आणि सोडताना दुसरा येतो. चाकाच्या बेअरिंगला अॅक्सिलरेटरचं फारसं काही नसतं, त्याला वळणाचं असतं. गाडी उजवीकडे वळली की वजन डाव्या चाकांवर पडतं. त्या वेळी घुमारा वाढला तर डावं बेअरिंग, कमी झाला तर बहुधा उजवं. शेवटची खात्री गाडी उचलून. चाक हाताने फिरवायचं आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवायचा. चांगल्या बेअरिंगचं चाक फिरतंय हे स्प्रिंगला कळतसुद्धा नाही. गेलेलं असेल तर बोटांना बारीक खरखर लागते, आणि ती कानापेक्षा जास्त खरं सांगते. इथे एक सावधगिरी. ऑल व्हील ड्राइव्हचं एकच चाक उचलून गाडी चालू करायची आणि गिअरमध्ये घालून चाक फिरवून बघायचं, हा उद्योग करू नये. जमिनीवरच्या चाकांनाही ताकद जाते आणि गाडी जॅकवरून उडी मारते.

“मागचं बेअरिंग ना? तासाभराचं काम,” असं सांगणारा मेकॅनिक खोटं बोलत नसतो. त्याने आयुष्यभर ज्या गाड्या केल्या त्यांच्याबद्दल तो बोलत असतो. १९८३ साली मारुती ८०० आली तेव्हापासून आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्या पुढच्या चाकांनी ओढल्या जातात. त्यांचं मागचं चाक नुसतं मागून येणारं. एका भरीव खुंटावर ते फिरतं. ड्रम काढा, नट सोडा, बेअरिंग बदला. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये तो खुंट नसतो. त्या जागी हबच्या मधोमध आरपार भोक असतं, त्याला आतून दाते असतात आणि डिफरन्शियलकडून आलेला शाफ्ट त्या दात्यांत बसतो. मागचं चाक आता इंजिनाच्या साखळीतली कडी झालं. पूर्वी चाकणला बनणारी महिंद्राची एक्सयूव्ही ५०० (२०११) आणि रांजणगावची जीप कंपास (२०१७) यांच्या चारही चाकं चालवणाऱ्या आवृत्त्या अशाच. रेनो डस्टरचं उदाहरण तर शिकवण्यासारखं आहे. २०१४ मध्ये तिची ऑल व्हील ड्राइव्ह आवृत्ती भारतात आली तेव्हा बाहेरून गाडी तीच दिसत होती, पण साध्या डस्टरच्या मागे असलेली आडवी तुळई जाऊन तिथे प्रत्येक चाकाला स्वतंत्र, अनेक दांड्यांचं सस्पेन्शन आलं होतं. नाव एक, मागचं काम वेगळं.

म्हणजे ऑल व्हील ड्राइव्हचं मागचं चाक काम करणाऱ्याच्या दृष्टीने पुढचंच चाक असतं, फक्त स्टिअरिंग नाही. ज्याने पुढच्या चाकाची प्रेस मारून बसवलेली बेअरिंग नीट बदलली आहेत त्याला हे काम येतं. ‘नीट’ या शब्दात सगळं आलं, आणि ते समजायला छर्ऱ्यापर्यंत जावं लागतं.

गाडीच्या कण्यात गोळ्या घालायची कल्पना जुनी. वेल्समधल्या कारमार्थनच्या फिलिप वॉन याने १७९४ मध्ये घोडागाडीच्या आसासाठी तिचं पेटंट घेतलं. पण सगळे छर्रे तंतोतंत सारखे असल्याशिवाय कल्पनेचा उपयोग नव्हता. एक जरी जाड निघाला तरी सगळा भार तो एकटा उचलणार. १८८३ मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्टला फ्रीडरिश फिशरने पोलादी गोळ्या एकसारख्या घासणारं यंत्र केलं आणि तिथून हा धंदा उभा राहिला. आपल्याकडे चिंचवडला एसकेएफ साठच्या दशकापासून आहे, ठाण्याची एनआरबीही त्याच दशकातली.

छर्रा आणि रेस एकमेकांना किती जागेत टेकतात याचं गणित हाइनरिश हर्ट्झने १८८१ मध्ये मांडलं, रेडिओलहरींवरच्या कामाच्या आधी. छर्रा रेसला गणिती अर्थाने एका बिंदूत टेकतो, प्रत्यक्षात दोन्ही किंचित दबतात आणि लंबगोल ठिपका तयार होतो. चाकाच्या बेअरिंगमध्ये हा ठिपका तिळापेक्षाही लहान असतो आणि त्यावर चाकाच्या चारशे-पाचशे किलोंमधला वाटा येतो. म्हणून दाब प्रचंड येतो. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे साध्या छर्ऱ्याच्या बेअरिंगची स्थिर भाराची मर्यादा ४,२०० मेगापास्कलवर मोजतात, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे ४३ टन. त्यापलीकडे गेलात की रेसवर कायमचा ठसा उमटतो. फिरताना बेअरिंग या मर्यादेच्या खूप खाली असतं आणि भार सगळ्या छर्ऱ्यांवर आळीपाळीने जातो. चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आत धरला तर लाखभर किलोमीटरमध्ये साडेचार कोटींच्या आसपास फेरे होतात आणि चांगलं बेअरिंग ते सहन करतं. तेच बेअरिंग उभं असताना एका बाजूने हातोडा मारला तर एका क्षणात सगळ्या छर्ऱ्यांखाली एकेक ठसा पडतो. डोळ्याला तो दिसेलच असं नाही. गाडी गॅरेजमधून शांतपणे बाहेर पडते आणि पाच-सहा हजार किलोमीटरवर परत येते. मग सगळे कंपनीला नावं ठेवतात.

म्हणून या कामाचा नियम एकच: बसवताना जोर छर्ऱ्यांमधून जाता कामा नये. बेअरिंगला दोन कड्या, बाहेरची आणि आतली, मध्ये छर्रे. बाहेरची कडी नकलमध्ये, म्हणजे सस्पेन्शनच्या त्या ओतीव तुकड्यात, घट्ट बसवायची असेल तर प्रेस बाहेरच्या कडीवरच टेकायला हवी. हब आतल्या कडीत दाबायचा असेल तर खालून आधार आतल्या कडीलाच हवा. हे दुसरं बहुतेक ठिकाणी चुकतं. नकल टेबलावर ठेवतात, वरून हब दाबतात, आधार बाहेरच्या कडीला मिळतो आणि कित्येक टनांचा जोर आतल्या कडीतून छर्ऱ्यांत, छर्ऱ्यांतून बाहेरच्या कडीत असा प्रवास करतो. बेअरिंग बसतं. त्याच दाबात ते संपलेलं असतं.

काढताना मात्र जुन्या बेअरिंगची दया करायचं कारण नाही. तिथे काळजी घ्यायची ती आजूबाजूच्या वस्तूंची. आधी शाफ्टच्या टोकाचा मोठा नट. पंच मारून त्याची कड खाचेत दाबलेली असते, ती छिन्नीने उचलायची. किनाऱ्याच्या गाडीत शाफ्टचे दाते हबमध्ये गंजून एकजीव झालेले असतात. इथे लोक शाफ्टच्या टोकावर घण घालतात, आटे पसरतात आणि हजाराच्या कामात शाफ्ट जातो. गंज सोडवणारं तेल मारून थांबायचं, मग हबच्या बोल्टांना पुलर लावून शाफ्ट मागे ढकलायचा. सुटला की तो लोंबकळू द्यायचा नाही. आतल्या टोकाचा सांधा ओढला गेला तर निसटतो, रबरी बूट फाटतो. तारेने वर बांधून ठेवायचा. इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर ब्रेक कॅलिपर काढण्याआधी स्कॅनरने तो सर्व्हिस मोडमध्ये न्यावा लागतो, नाहीतर मोटर मोडते. चाकाच्या वेगाचा सेन्सर प्लास्टिकचा, तोही गंजाने आवळलेला. तो हब दाबण्याआधी अलगद काढायचा आणि तुटेल हे गृहीत धरायचं.

हब नकलमधून दाबून काढला की त्याच्या अंगावर जुन्या बेअरिंगची अर्धी आतली कडी चिकटून येते. आतली कडी दोन तुकड्यांत असते, बाहेरच्या बाजूचा तुकडा हबबरोबर येतो. ग्राइंडरने त्यावर तिरपी खाच पाडायची, हबला न लागेल एवढीच, आणि छिन्नीचा एक फटका. ती कडक कडी टणकन तडकते. हबच्या पृष्ठभागावर ओरखडा उमटला तर नवी कडी तिथे कधीच नीट बसणार नाही. मग बेअरिंग जागी धरणारी सर्क्लिप काढून उरलेलं बेअरिंग नकलमधून दाबायचं, आतली जागा साफ करायची. गंजाचा पापुद्रा राहिला तर नवी कडी तिरकी बसते.

नव्या बेअरिंगला हल्ली पुढची-मागची बाजू असते. एका बाजूच्या सीलमध्ये बारीक चुंबकपट्टी असते, उत्तर-दक्षिण ध्रुव ओळीने लावलेले. सेन्सर ती पट्टी वाचून चाकाचा वेग सांगतो. पट्टी सेन्सरकडे हवी. ओळखायला टाचणी पुरते, चिकटेल ती बाजू. जोरदार चुंबकाजवळ हे बेअरिंग ठेवायचं नाही. साध्या गाडीत ते उलटं बसलं तर एबीएसचा दिवा लागतो. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये तेवढ्यावर भागत नाही. मागच्या डिफरन्शियलला जोडणारा क्लच कधी आवळायचा हे गाडीचा संगणक चारही चाकांचे वेग तुलना करून ठरवतो. एका चाकाचा वेग शून्य दिसला की त्याला काहीच कळेनासं होतं, आणि ऑल व्हील ड्राइव्ह तात्पुरती बंद झाल्याची सूचना डॅशबोर्डवर येते. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर मापं जुळवून बेअरिंग आणणाऱ्याने बाहेरचा व्यास, आतला व्यास, रुंदी एवढंच पाहून चालत नाही ते यासाठी. नकली माल तर आहेच. डब्यावरचं नाव हुबेहूब असतं, आतलं पोलाद नसतं.

शेवटचा नट. तो नवाच हवा, आणि एअर गनने मारून ‘लागला’ म्हणायचं नाही. दोन तुकड्यांची आतली कडी एकत्र आवळून धरणारी वस्तू म्हणजे शाफ्ट आणि हा नट. छर्रे रेसमध्ये किती ताणून बसणार ते या आवळण्यावर ठरतं. बऱ्याच गाड्यांत आकडा २०० ते ३०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. २५० म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला सुमारे २५ किलोंचा ओढा. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलचा, शेजारच्या गाडीचा नव्हे. आणि नट पूर्ण आवळेपर्यंत चाक जमिनीवर टेकवायचं नाही. कोणीतरी आत बसून ब्रेक दाबायचा. शाफ्टशिवाय गाडी ढकलून बाजूला लावणारे लोक नवं बेअरिंग त्या दहा फुटांत खराब करतात, कारण तेव्हा दोन तुकड्यांना धरायला कोणीच नसतं.

सस्पेन्शनच्या दांड्या सोडल्या असतील तर त्यांच्या उत्केंद्री बोल्टांवर आधी खूण करून ठेवायची, आणि रबरी बुशचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळायचे. चाक लटकलेलं असताना आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. मग अलाइनमेंट.

बऱ्याच नव्या गाड्यांत ही प्रेसची भानगडच नाही. बेअरिंग आणि हब एकाच तुकड्यात येतात, चार बोल्टांवर बसतात. महाग पडतं, पण चुकायच्या जागा कमी होतात, आणि माझं मत या बाबतीत कंपन्यांच्या बाजूने आहे. जुने मेकॅनिक यावर नाक मुरडतात. महिंद्रांनी मुंबईत जोडलेल्या विलीज जीपच्या पुढच्या हबमध्ये रोलरच्या बेअरिंगची जोडी असायची. ती डिझेलमध्ये धुवायची, तळहातावर ग्रीस घेऊन रोलरच्या फटींत कोंबायचं, नट आवळून थोडा सैल करायचा. पाण्यातून गेलेली जीप संध्याकाळी उघडता यायची. आजचं बेअरिंग उघडत नाही, त्यामुळे खारं पाणी आत गेलं की ते तिथेच राहतं. कळंबसारख्या ठिकाणी राहणाऱ्यांना हा फरक जास्त जाणवतो. गाडी पाण्यात गेलीच तर हब गार झाल्यावर गोड्या पाण्याने खालून धुवावी, पण हाय-प्रेशरचा नळ सीलवर धरू नये. तो उरलंसुरलं आत ढकलतो.

दोन्ही बाजूंची बेअरिंग एकदम बदलावीत का, हे हमखास विचारलं जातं. शॉक अॅब्सॉर्बर जोडीने बदलतात, बेअरिंगला तशी गरज नाही. जे गेलं तेच. दोन्ही चाकं एकाच लाटेतून गेली असतील तर दुसऱ्याचा खर्च मनात धरून ठेवावा. आणि चाकं बाहेर काढून दाखवण्यासाठी स्पेसर लावले असतील तर ते उतरवावेत. भाराची रेषा बेअरिंगच्या मध्यापासून बाहेर सरकते. छर्ऱ्याच्या बेअरिंगवर भार दुप्पट झाला तर आयुष्य आठव्या हिश्शावर येतं.

काम झाल्यावर जुनं बेअरिंग भंगारात टाकायच्या आधी मागून घ्यावं आणि कापून बघावं. बाहेरची कडी फिरत नाही, म्हणून तिच्यावर भार नेहमी एकाच बाजूला येतो. त्याच बाजूला धातूचे पापुद्रे सुटले असतील तर ते आपल्या वयाने गेलं. ग्रीस चहाच्या रंगाचं आणि सीलच्या कडेला तांबूस वलय असेल तर पाणी. आणि रेसवर छर्ऱ्यांच्याच अंतराने, एकसारख्या अंतरावर ठसे दिसले, नि ते बेअरिंग बसवून वर्षही झालं नसेल, तर ते मागच्या वेळी प्रेसवर कसं ठेवलं होतं, हे बसवणाऱ्याला विचारायला जावं.